आमच्या जोत्यावर अडकलेली लाँच

भोरात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दर सुट्टीत पोराबाळांना घेऊन कुठल्या तरी धरणावर बोटिंगला जातात आणि आल्यावर मला मोबाईलवर फोटो दाखवतात. नारिंगी जाकिटं घातलेली पोरं, हातात मक्याची कणसं. "तुम्ही पण चला हो एकदा, एकट्याच बसून असता," असं दर वेळी म्हणतात. मी हसते आणि गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे माझे ठणठणीत आहेत, दिवसातून चार वेळा जिना चढते. पण पाण्यावर इंजिनाची डगडग सुरू झाली की माझे कान ती बंद पडायची वाट बघायला लागतात, हे त्या बाईंना कसं सांगायचं? सांगितलं तर "अगंबाई!" म्हणतील आणि पुढचा फोटो दाखवतील. त्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं.

आमची वाडी वेल्ह्याच्या मागं, डोंगराच्या एका सोंडेवर होती. घरं सहा. तिन्ही बाजूंना धरणाचं पाणी आणि चौथ्या बाजूला उभा कडा. कड्यावरून धनगरांची पायवाट जायची, तिनं वेल्हे गाठायला अर्धा दिवस मोडायचा आणि डोक्यावर ओझं असलं तर अख्खा. पुढं शाळेत गुरुजींनी बेटाची व्याख्या विचारली, चारी बाजूंनी पाणी वगैरे, तेव्हा मी उभी राहून म्हणाले होते की तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूनं कडा असला तरी बेटच असतं. वर्ग हसला. हसू देत. त्यांना काय माहीत!

मूळ गाव खाली पाण्यात होतं. धरण झालं तेव्हा सव्वीस घरं उठून सपाटीला गेली, सरकारनं दिलेल्या जमिनीवर. आमच्यासह सहा घरांची वरकस, डोंगरउताराची रानं बुडाली नव्हती, म्हणून आम्ही सोंडेवर झापं बांधून राहिलो. त्या सव्वीसातलं शेवटचं घर कमलचं. कमल माझ्याच वयाची. ती गेली आणि वाडीत पोर म्हणून मी एकटी उरले. सोंडेवरची शाळा एका खोलीची होती, ती एका पोरीसाठी कोण चालवणार? मास्तर गेले, खोलीत शेळ्या बसायला लागल्या. मी आमच्या ओट्यावर सागरगोटे खेळायची. उजव्या हातानं माझा डाव, डाव्या हातानं कमलचा. डावा हात कच्चा, त्यामुळं कमल नेहमी हरायची, आणि मग मला तिची दया येऊन मी मुद्दाम माझा गोटा चुकवायची. आई चुलीपुढून बघायची आणि पुन्हा चुलीत फुंकर घालायची.

तात्या, म्हणजे माझे वडील, लाँच चालवायचे. धरणाच्या भिंतीपाशी एसटी यायची, तिथून आमच्या वाडीपर्यंत पाण्यावरून एवढी एकच सोय. मीठ, रॉकेल, रेशनचा गहू, गुळाच्या ढेपा, सुकट, पत्रे, खताच्या गोणी, नवरी, आजारी माणूस, सगळं त्या एका लाँचमधून यायचं आणि जायचं. दळणसुद्धा पलीकडं जायचं, कारण गिरणी तिकडं. धरण होण्याआधी तात्या भातखाचरांचे बांध घालायचे, आणि त्या कामात पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नव्हता. "मोठा दगड खाली. त्वांड आत. सांध्यात चिप बशीव, मग वर हत्ती हुबा ऱ्हायला तरी हालत न्हाई," हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. लाँचीवर नेमणूक झाली ती त्यांना पाण्याखालचं गाव पाठ होतं म्हणून. कुठं कुणाची भिंत, कुठं वडाचं खोड, कुठं विहिरीचा कठडा. गावात माणूस जसा गल्लीबोळातून चालतो तसे ते लाँच घेऊन यायचे.

आणि दर फेरीला ते आमच्या जुन्या घरावरून यायचे. वाट थोडी वाकडी पडायची, पण यायचेच. घराच्या वर आले की इंजिन हळू करायचे, हात कपाळाला लावायचे आणि लाँचीतल्या माणसांना म्हणायचे, "आलो बरं का घरी." वर सोंडेवर आईला इंजिनाचा आवाज मंदावलेला ऐकू यायचा. तो ऐकला की ती तवा चुलीवर टाकायची. तात्या पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली नाचणीची भाकरी पापुद्रा धरून फुगलेली असायची, आणि सोबत खुरासणीची चटणी नाहीतर सुकट. घड्याळ आमच्याकडं नव्हतं. ते मंदावणं हेच आमचं घड्याळ होतं.

आईला वाडी सोडायची होती. तिची सगळी माणसं, जावा, शेजारणी, सपाटीला गेलेली. ती तात्यांना स्पष्ट म्हणायची, "लाँच हाय तंवर ऱ्हातीय. लाँच बंद पडली की दुसऱ्या दिशी म्या हितं दिसायची न्हाई, सांगून ठिवते." तात्या म्हणायचे, "बंद का पडंल? म्या हाय की." हे भांडण नव्हतं. रोजच्या जेवणातल्या कांद्यासारखं ते असायचंच. पण मला त्यातून एवढं पक्कं कळलेलं होतं की आमचं घर, तात्यांचं ते रान आणि माझं सगळं काही त्या लाँचीच्या दोरीला बांधलेलं आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं गाव वर यायचं. आधी भैरोबाच्या देवळाचा कळस, मग देऊळ, मग जोती. उरलेली सहा घरं खाली जाऊन देवाला शेंदूर लावायची, नैवेद्य दाखवायची. मग प्रत्येक जण आपापल्या जोत्यावर जाऊन दगडावर दगड ठेवायचा, दोन-तीन. देवाच्या डोंगरावर जाताना वाटेत असे दगड रचतात ना, घर मागायला, तसंच. बुडालेल्या जागेवर घर मागण्यात काय अर्थ, असं आज कुणी विचारेल. आम्हाला कुणालाच तो प्रश्न पडला नाही.

त्या वर्षी मी दोन-तीन दगडांवर थांबले नाही. सगळे वर निघून गेले तरी मी रोज खाली जायची. मला घर नकोच होतं, घर होतं. मला माणसं हवी होती. मी गेलेल्या प्रत्येक घराचा एक दगड आणला, त्यांच्याच पडक्या भिंतीतला. मोठे ढकलत आणले, लहान डोक्यावर. आमच्या जोत्याच्या मधोमध रचले, तात्यांनी शिकवलं तसे. तोंड आत, सांध्याला चिपा. सव्वीस दगड. प्रत्येकाला देवळातल्या शेंदराचं एकेक बोट लावलं. सगळ्यात वर कमलच्या घराचा, चपटा. ढीग माझ्या कमरेला लागला. मी हात जोडून भैरोबाला म्हणाले की सगळ्यांना परत आण, आणि सगळे जमणार नसतील तर वरचं एक घर तरी आण. मग पाऊस लागला, पाणी चढलं, ढीग बुडाला. कुणाला सांगितलं नाही. मागितलेलं सांगितलं की फळत नाही म्हणतात.

पुढच्या वैशाखात पावसाळ्याची बेगमी करायला लाँच बाजाराला गेली होती. मीही गेले होते. परतताना ती गळ्यापर्यंत भरलेली. मिठाच्या गोण्या, रॉकेलचे डबे, गहू, आणि आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या ठकूमावशीचे पत्रे. ठकूमावशी धनगराची, शेळ्यामेंढ्यांची मालकीण, तोंडाची फटकळ. ती त्या पत्र्यांवर राणीसारखी बसलेली. पाणी उतरत चाललं होतं, म्हणून आठ दिवस तात्यांनी घरावरून यायचं सोडून लांबचं वळण धरलं होतं. देवळाचा कळस हातभर उघडा पडला होता. मी तात्यांच्या जवळ जाऊन म्हणाले, "तात्या, आपल्या घरावरनं घ्या की."

"यंदाचं झालं आता. पानी उतारलंय."

"एकदाच. घ्या ना!"

ठकूमावशी वरून म्हणाली, "आवं, लेक एवढी म्हनतीय तर न्या की. कुठं मुंबैला न्ह्यायचंय!"

तात्यांनी कळसाकडं बघितलं. त्यांचा हिशोब साधा होता आणि बरोबर होता. कळस हातभर उघडा म्हणजे आमच्या जोत्यावर छातीभर पाणी. भरलेल्या लाँचीला कमरेइतकं पुरतं. त्यांनी सुकाणू वळवलं. मी धावत पुढच्या टोकाला जाऊन पालथी पडले आणि पाण्यात बघायला लागले. मला ढीग उभा आहे का पडला, एवढंच बघायचं होतं. खरं सांगते, दुसरं काही डोक्यात नव्हतं. तात्यांनी इंजिन हळू केलं. हिरव्या पाण्यात आधी जोत्याची कड दिसली आणि मग तो दिसला. जसाच्या तसा. शेंदूर निघून गेला असेल असं वाटलं होतं, पण सांध्यांतून लाल रेघ दिसत होती. आणि मला आनंद झाला हो! ओरडायला पाहिजे होतं तेव्हा मला आनंद झाला. "उभा हाय" असं काहीतरी माझ्या तोंडातून निघालं आणि लाँच त्यावर चढली.

आवाज फार मोठा नव्हता. खालून कुणीतरी खरवडल्यासारखा. पुढचा भाग वर उचलला गेला, मी मागं घसरले, मिठाची एक गोणी फुटून पाण्यात गेली. मागं पंखा जोत्याच्या दगडांत अडकून वाकला. तात्यांनी इंजिन पुढं केलं, मागं केलं, बांबू लावले, पुरुष माणसं उतरली आणि खांदे लावले. ठकूमावशी पत्र्यावरून उतरली आणि तिनंही खांदा लावला. लाँच हलली नाही. वर सोंडेवर आईनं आवाज मंदावलेला ऐकून तवा टाकला होता. मग आवाज थांबलाच. ती वाट बघत राहिली आणि तवा लाल झाला, असं तिनं नंतर सांगितलं. वाडीतली माणसं ट्यूबांचा तराफा घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत सामान उतरवलं. आई काठावर उभी होती. तात्यांचा चेहरा बघून ती म्हणाली, "मीठ गेलं व्हय धरनात? आता मासं खारवूनच निगतील."

रिकामी झाली की लाँच उचलेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण खाली कालव्याला पाणी सोडलेलं. सकाळी बघतो तर पाणी वीतभर खाली गेलेलं. दुसऱ्या सकाळी आणखी वीतभर. मेकॅनिक पोचेपर्यंत अर्धी लाँच उघडी पडली होती, आणि आठ दिवसांत ती कोरड्या जोत्यावर एका कुशीवर कलंडली. तो म्हणाला, आता पाणी चढेल तेव्हाच. म्हणजे आषाढ. ते उतरणारं पाणी सपाटीच्या उसाला चाललं होतं, कमलच्या वडिलांच्याही. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं, आणि कळून काही उपयोग नाही.

ते दिवस मला चवीनं आठवतात. अळणी आमटी. आई चिमटीनं मीठ घालायची आणि चिमूट दिवसेंदिवस बारीक होत गेली. रॉकेल आटलं तसं दिवेलागणीलाच जेवणं उरकायला लागली. गिरणी बंद म्हणून कोपऱ्यातलं जातं बाहेर निघालं, आणि सहा घरांतून पहाटे घरघर सुरू झाली. ठकूमावशीच्या दुधाला गिऱ्हाईक उरलं नाही, ती शेळ्यांचं दूध वाडीत फुकट वाटायची आणि वाटताना सगळ्यांना शिव्या द्यायची. पुरुष पाठीवर गहू घेऊन कड्यावरून यायचे आणि ओट्यावर आडवे व्हायचे. एक दिवस तिसऱ्या घरची गरोदर सून डोलीतून कड्यावरून न्यावी लागली. ती आणि बाळ दोघं सुखरूप राहिली, पण ते घर परत आलं नाही. तिकडूनच सपाटीला गेलं. मग त्यांचा शेजार गेला. कुणी तात्यांना बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. लोक आमच्या ओट्यावरून जाताना चाल वाढवायचे, आणि तात्या लाँच नसतानाही रोज त्या वेळेला काठावर जाऊन उभे राहायचे.

एका सकाळी मी शेळ्या घेऊन उतारावर होते. खाली जोत्यावर तात्या एकटेच दिसले. लाँचीच्या पुढच्या टोकाखाली वाकून ते एकेक दगड बाहेर काढत होते. प्रत्येक दगड हातात फिरवून बघायचे, अंगठ्यानं घासायचे, आणि मग लांब खोल पाण्यात भिरकावायचे. डुबुक. मग पुढचा. मी करवंदीच्या जाळीमागं बसून राहिले. शेळ्या कुठं गेल्या त्याचं भान राहिलं नाही. मला वाटलं, आता येतील आणि विचारतील. ते आले, हात धुतले, जेवले.

त्याच दुपारी पाटबंधारे खात्याचे साहेब आणि एक कारकून कड्यावरून घामाघूम होऊन आले. पंचनामा होता. आईनं ताक दिलं. कारकुनानं विचारलं, "तिथं अडकायला होतं काय एवढं? काही अडथळा वगैरे?"

"न्हाई साहेब," तात्या म्हणाले. "माजंच जोतं हाय ते. पान्याचा अंदाज चुकला माजा."

"तुमचा अंदाज चुकला असं लिहू?"

"व्हय. ल्ह्या."

मी दाराआड उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. उघडलं नाही. पुढं मीच तहसिलीत नोकरी केली आणि असे कितीतरी पंचनामे माझ्या हातून गेले. "अंदाज चुकला" हे लिहून देणाऱ्या माणसाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. तात्यांचं तेच झालं. सुकाणू गेलं, धरणाच्या भिंतीवर वॉचमनचं काम मिळालं. ज्या माणसाला पाण्याखालचं अख्खं गाव पाठ होतं त्याच्या हातात एक शिट्टी दिली.

आईनं बोलल्याप्रमाणं दुसऱ्या दिवशी वाडी सोडली नाही, हे तिच्याबद्दल सांगायलाच पाहिजे. ती शेवटपर्यंत थांबली. चार घरं गेल्यावर, वाडीत आम्ही आणि ठकूमावशी एवढेच उरल्यावर, एक दिवस तीच तात्यांना म्हणाली, "सुलीचं काय करायचं? शेळ्यांशी बोलती पोर." मी सुलभा, घरची सुली. मग आम्ही कामथडीला आत्याकडं जायचं ठरलं, तिथं मला शाळा होती. भांडी, जातं, अंथरुणं कड्यावरून न्यायची म्हणून निम्मा संसार मागं सोडला. आणि तात्यांनी पिशवीत एक चपटा धोंडा घातला. आई संतापली. "पाटा मागं सोडला म्या, आन् तुमी धोंडा घेताय? तिकडं दगडं न्हाईत व्हय?" तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दाराला व्हईल." कड्यावर चढताना आईनं मागं वळून बघितलं नाही. तात्यांनी बघितलं. मी दोघांच्या मधे चालत होते आणि खाली जोत्यावर आडवी पडलेली लाँच दिसू नये म्हणून पायाकडं बघत होते. आषाढात पाणी चढलं तशी ती आपोआप उचलली, दुरुस्त झाली, असं ऐकलं. पण आमच्या वाडीची फेरी पुन्हा सुरू झाली नाही. जायचं कुणाकडं? मी सव्वीस घरं परत मागितली होती आणि राहिलेली सहा घालवली. हे वाक्य मी पन्नास वर्षं मनात म्हणत आलेय, कागदावर आज पहिल्यांदा उतरतंय.

आई जाऊन बराच काळ झाला. शेवटची वर्षं तात्या इथं भोरात माझ्याजवळ होते. बोलणं कमी झालेलं, ऐकू येणंही. एका दुपारी जेवायला बसलो होतो. गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटलं, मी उठले आणि दाराशी तो धोंडा सरकवला. कामथडीपासून प्रत्येक घरात दाराला तोच असायचा, एक कोपरा उडालेला, आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला त्यानं आयुष्यभर ठेचा दिल्यात. परत येऊन बसले आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"तात्या, त्यो ढीग म्या रचला हुता. जोत्यावरचा."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, सावकाश खाल्ला.

"म्हाईत हाय."

"मग बोलला का न्हाई? साहेबाला तरी सांगायचं. लाँच गेली तुमच्या हातातनं!"

"काय सांगायचं? पोरीनं गाव मागितलं म्हनून?" मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "सव्वीस हुतं. मोजलं म्या. पंचवीस पान्यात टाकलं."

त्यांनी दाराकडं बोट केलं. "वरचा त्यो. लाँच चढली तवा त्यो तेवढा खाली पडला हुता. कुनाचा हुता?"

"कमलचा," मी म्हणाले.

"असंल." त्यांनी मान हलवली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, ताटात पडत होती, आणि साठीच्या बाईनं असं रडावं याची मला लाजही वाटत नव्हती. तात्या माझ्याकडं बघत नव्हते. ते दाराशी टेकलेल्या धोंड्याकडं बघत होते, पूर्वी दुसऱ्याच्या खाचराचा बांध बघायचे तसे.

"वरीसभर पान्याखाली ऱ्हायला, वर लाँच चढली, तरी बाकीचा ढीग हालला न्हाई गं," ते म्हणाले. "चिपासुदीक जागंवर. लई पक्कं रचलं हुतंस."